प्रेमराजवर टिटवी ओरडत नाही

१

माझ्या माहेरच्या दाराला बेल नाही. कधी गरजच पडली नाही. आमचा मळा तापीच्या काठावर, गावापासून लांब, आणि घर मळ्यातच. फाट्यावर बसमधून उतरून मी बांधाच्या वाटेला लागले, की पपईच्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत टिटवी उठायची. डोक्यावर घिरट्या घालत, कोकलत, मला थेट ओट्यापर्यंत आणून सोडायची. तिचा आवाज ऐकला की ज्योती वहिनी चहाचं आधण ठेवायची. मी पायातल्या चपला काढेपर्यंत आल्याचा वास आलेला असायचा.

टिटवीला आपलं-परकं कळत नव्हतं. कुत्रं असो, कोल्हा असो, वीजबिलवाला असो, ती सगळ्यांवर सारखीच तुटून पडायची. माझ्या मोठ्या भावावर, प्रेमराजवर तर दिवसातून चार वेळा. तो कपाळाला हात लावून म्हणायचा, "मळा मना, आन् वरडस बी मनावरच. हिले एकदाव सातबारा दाखाडना पडी."

पाखरांचा नाद मला त्यानंच लावला. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणी खोपे विणायला लागल्या की तो मला फोन करायचा. थंडीत नदीपात्रात चक्रवाक उतरायचे, दादर ज्वारी भरात आली की तिच्यावर भोरड्यांचे थवे यायचे, आणि उन्हाळ्यात नदीच्या उभ्या दरडीतल्या बिळांमधून खंड्याची पिल्लं किरकिरायची. त्याला सगळ्यांची नावं माहीत होती. ज्यांची माहीत नव्हती त्यांना तो स्वतः नावं ठेवायचा. एका करड्या पाखराला तो 'तलाठी' म्हणायचा, कारण ते वर्षातून एकदाच तोंड दाखवायचं.

मी दोंडाईच्याला असते. आमचं औषधांचं दुकान आहे, ते मी बघते. माझा नवरा योगेंद्र नरडाण्याच्या एका कारखान्यात विजेचं काम बघतो. सांगायचं कारण एवढंच, की आमच्या घरात कुणी अंगारे-धुपारे करणारं नाही.

गेल्या वर्षी आषाढात तापीला मोठा पूर आला. बरेच दिवस मळ्यावरचे फोन लागत नव्हते, फाट्यापुढचा रस्ता पाण्याखाली होता. मग एका सकाळी आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. आवाज घोगरा होता.

"पूर उना व्हता. प्रेमराज पल्याड अडकी गयथा. उना आते. तू नको घाबरू."

मी म्हटलं, त्याला फोन द्या. आबा म्हणाले, तो वावरात आहे.

२

राखीला गेले तेव्हा मळ्यावर अजून गाळाचा थर होता. केळीची खालची पट्टी पार आडवी झाली होती. टिटवी नेहमीसारखी माझ्यावर ओरडत ओट्यापर्यंत आली. दारात वहिनी उभी होती, पण आल्याचा वास आला नाही. तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत कोऱ्या हिरव्या बांगड्या होत्या.

"नव्या भरल्या?"

"पुरात फुटल्या जुन्या," ती म्हणाली आणि आत गेली.

प्रेमराज आला, पाटावर बसला. थोडा वाळला होता, रंगही मातकट झाला होता. पुरातून आलेला माणूस, दुसरं काय होणार. मी टिळा लावला, ओवाळलं, राखी बांधली. त्यानं हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी आबा या वेळी खाटेवर बसून कौतुकानं बघायचे, आईची आठवण काढायचे. त्या दिवशी ते उठून गोठ्याकडे गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून कणीक मळत होती. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी मळत होती.

दुपारी उन्हं उतरल्यावर मी भावाला म्हटलं, चल, नदीवर जाऊन येऊ. तो पुढे, मी मागे. पपईच्या कोपऱ्यावर मी सवयीनं वर बघितलं. टिटवी बांधावरच होती, त्याच्यापासून दोन हातांवर. पिवळ्या पायांवर उभी, चोच जरा वर. तो तिच्या शेजारून गेला. ती उठली नाही. तिनं मानही वळवली नाही. वाऱ्यानं पान हललं तर ती जेवढं बघते तेवढंही तिनं बघितलं नाही.

मग मी पाऊल टाकलं, आणि तिनं आकाश डोक्यावर घेतलं.

"अरे, तुझ्यावर ओरडली नाही ती," मी हसत म्हटलं. "दाखवलास की काय सातबारा?"

तो वळला. त्याला कशाबद्दल बोलते आहे ते कळलं नसावं. तरी तो हसला, माझं हसणं बघून जेवढं हसायचं तेवढं.

समोर तारेवर नीळपंख बसला होता. लहानपणी दसऱ्याला तो दिसावा म्हणून आम्ही दोघं अनवाणी मैलभर भटकायचो. मी बोट दाखवलं, "दादा, तो बघ."

"पाखरू शे," तो म्हणाला.

३

घरी आल्यावर मी योगेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "रोज दिसणाऱ्या माणसाला पाखरं सरावतात. आमच्या कारखान्यात पारवे माणसांच्या पायांत फिरतात." पटण्यासारखं होतं. आणि नावाचं? मरणाच्या दारातून आलेला माणूस. त्याला पाखरांची नावं घेत बसायचा उत्साह कुठून असेल?

मी पटवून घेतलं. भाऊबीजेला ओवाळायलाही गेले. तेव्हा दुकानाची घाई होती, तासाभरात परतले.

संक्रांतीला मात्र दोन दिवस राहिले. दादर कमरेच्या वर आली होती, कणसं भरत होती. पाखरं बुजावीत म्हणून आबांनी सबंध वावरावर चमकीच्या पट्ट्या ताणल्या होत्या. आमच्याकडे कधी पट्ट्या लागल्या नव्हत्या. प्रेमराजनं एकदा हाळी दिली की अर्धा मळा मोकळा व्हायचा.

"तो हाकलत नाही का आता?" मी आबांना विचारलं.

"हाकलस ना," आबा म्हणाले. "पन उडतस नही त्या."

सकाळी मी ते डोळ्यांनी बघितलं. भोरड्यांचा थवा गुलाबी धुळीसारखा वळणं घेत आला. प्रेमराज वावराच्या मधोमध उभा होता. थवा माणसापाशी आला की फाटतो, दोन्ही अंगांनी निघून जातो. हा फाटला नाही. त्याच्यावरच उतरला. कणसांवर बसल्या तशा त्याच्या खांद्यांवर, टोपीवर, दंडांवर बसल्या, आणि दाणे टिपायला लागल्या. तो हात वर करून "हो, हो" करत होता. हात हलत होता, तरी त्या हातावर त्या बसूनच होत्या, फांदीवर झोके घ्यावेत तशा.

वहिनी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "वहिनी, हे बघताय ना?"

"ताई, चहा निवतो," ती म्हणाली.

चहा घेताना मी तिला तीनदा विचारलं, दादाला काही होतंय का, एखाद्या डॉक्टरला दाखवायचं का, माझ्या ओळखीचे आहेत. तिसऱ्या वेळी तिनं कप खाली ठेवला.

"त्याचं दुखत-खुपत काही नाही. जेवतो. काम करतो. तुम्ही इचारू नका."

परत येताना फाट्यावर वनाभाऊ भेटला. हा आमच्या घाटावरचा मासेमारी करणारा, आबांच्या रोजच्या चहाचा सोबती. त्यानं मला ओळखलं, आणि टपरीच्या मागच्या बाजूनं निघून गेला. माणूस आपल्याला टाळतो तेव्हा कळतं. मला वाटलं, पुरात काहीतरी बिनसलं असेल दोघांचं.

४

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, दुपारभर बायका लोळतात. मीही गेले. ऊन असं होतं की नदीकडे बघवत नव्हतं. पाणी आटून मधे वाळूचा लांब पट्टा उघडा पडला होता.

जेवणं झाली आणि मी मधल्या खोलीत फरशीवर आडवी झाले. पलीकडे आतल्या खोलीत प्रेमराज झोपला होता. पंखा वीज गेल्यानं बंद. त्या शांततेत मला किरकिर ऐकू आली. बारीक, न थांबणारी, एका सुरातली. आवाज ओळखीचा होता. घशाला चिकटलेल्या भुकेचा. पिल्लांचा.

मला बरं वाटलं. छताच्या वाशांत चिमणीनं घरटं केलं असेल. मी उठले, स्टूल घेतलं, वासे बघितले. भिंतीवरची फळी बघितली. मीटरच्या डब्यामागे बघितलं. काही नाही. आवाज आतल्या खोलीतून येत होता. दार लोटलेलं होतं. मी फटीला कान लावला, मग आत बघितलं. तो पालथा झोपला होता, अंगात फुलशर्ट, इतक्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आवाज तिथूनच होता. खिडकीबाहेरून येत असेल, मी स्वतःला म्हटलं. खिडकी बंद होती.

इतक्यात पुढच्या खोलीत मोठमोठ्यानं गाणी सुरू झाली. वहिनीनं मोबाईल पूर्ण आवाजात लावून देवळीत ठेवला होता. माझ्याकडे न बघता ती तांदूळ निवडत बसली.

संध्याकाळी पंगतीला तो माझ्या शेजारी बसला. वहिनीनं पुन्हा गाणी लावली. तरी दोन गाण्यांच्या मधल्या जागेत मला ते ऐकू आलं. माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. त्यानं घास घेतला की आवाज वाढायचा.

आबांचा हात ताटातच थांबला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली बघितलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हे फक्त मला ऐकू येत नाही. या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

५

दुसऱ्या दिवशी जेवण करून तो नदीवर गेला. मी जरा वेळानं मागोमाग निघाले. टिटवी माझ्यावर ओरडली, मी तिला शिव्या दिल्या.

दरडीवरून खालचा सगळा पट्टा दिसतो. वाळूवर टिटव्यांची, सुरया नावाच्या नदीपाखरांची अंडी होती. या दिवसांत तिथून माणूस गेला की सुरया टोच्या मारतात, सगळा पट्टा उठतो. प्रेमराजच्या पावलांची रांग त्या अंड्यांमधून सरळ पाण्यापर्यंत गेली होती आणि सगळ्या पाखरिणी आपापल्या जागी बसून होत्या. तो गुडघाभर पाण्यात उभा होता, माझ्याकडे पाठ करून. शर्ट तोच.

मी दरडीच्या पायवाटेनं खाली उतरले आणि करंजाच्या सावलीत थांबले.

खंड्या आला. निळा, उन्हात चमकणारा, चोचीत आडवी धरलेली मासोळी. प्रेमराजच्या खांद्यावर बसला. मासोळी खांद्यावर दोनदा आपटली, दगडावर आपटतात तशी. मग मानेजवळ सरकला, कॉलरच्या मागच्या बाजूनं डोकं आत घातलं, आणि आत गेला. सगळा गेला. शेपटीसकट.

शर्ट पाठीवर हलला नाही. फुगलाही नाही. माणसाची पाठ आणि कापड यांच्या मधे खंड्याला मावेल एवढी जागा नसते. किरकिर मात्र एकदम वाढली, इतकी की पाण्यावरून मला स्वच्छ ऐकू आली. मग थांबली. खंड्या बाहेर आला तो रिकाम्या चोचीनं. कॉलरवर बसून त्यानं पंख झटकले. थोडी पिवळी माती पाण्यात पडली.

ऊन होतं. वाळू डोळ्यांत तापत होती. अशा उन्हात माणसाला काहीही दिसतं, हे मी दुकानात रोज लोकांना सांगते.

"हेमा," तो न वळता म्हणाला. आवाज माझ्या भावाचा. ताप आला की माझ्या उशाशी बसून बोलायचा, तो. "हळू चाल. पिल्ला झोपेल शेतस."

मी पळाले. आणि पट्ट्यावरच्या सगळ्या पाखरिणी माझ्यावर उठल्या. सुरयांनी माझं डोकं फोडलं, टिटव्या कानाशी किंचाळत दरडीवरून थेट पपईपर्यंत माझ्या मागे आल्या. त्या सगळ्या नदीकाठी परकी एकटी मीच होते.

६

आबा खाटेवर बसले होते. वहिनी ओट्यावर. माझ्या कपाळावरचं रक्त बघून दोघांपैकी कुणीही काय झालं म्हणून विचारलं नाही.

"आबा, हाऊ कोन शे?"

"तुना भाऊ शे."

"मना भाऊ कोठे शे?"

आबांनी नदी जाते त्या दिशेला हात केला.

"वनाभाऊनी काढा त्याले. खाले, बाभूळमा अडकेल व्हता." ते धोतराच्या टोकानं तोंड पुसत राहिले. "रस्ता बंद, फोन बंद. तठेच अग्नी दिधा. दहावाले तुले बलावनार व्हतूत, आई शप्पथ. त्याना आगोदर तो उना. दारमा उभा ऱ्हायना. म्हने, आबा, भूक लागनी." आबांनी हात पसरले. "मी काय करू, सांग? बाप शे मी. दार लाई लेऊ?"

मी वहिनीकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्ही मला राखी बांधू दिली. भाऊबीजेला ओवाळू दिलं. मी त्याच्या कपाळाला टिळा लावत होते आणि तुम्ही कणीक मळत होतात!"

ज्योती वहिनी माझ्याहून लहान आहे. एवढ्या वर्षांत तिनं माझ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही.

"ताई, तुम्ही सणाला येता नि जाता," ती म्हणाली. "मी नदीवर बांगड्या फोडल्या, आणि दारात आल्यावर पुन्हा भरल्या. कुणाला इचारू मी? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला काढलं असतं. मग मी कोण राहिले असते या घरात?"

"तो दादा नाही."

"माहीत शे," ती म्हणाली. "मले काय सांगता? मी त्याच्याजवळ झोपते."

तिनं बांगड्या मनगटावर मागे सारल्या आणि चुलीकडे गेली. त्याच्या परतायची वेळ झाली होती. तिनं ताट घेतलं.

पिशवी उचलून मी निघाले तेव्हा आबा खाटेवरून उठले, हात जोडले. मला वाटलं, क्षमा मागतात. ते म्हणाले, "येत जा, बेटा. तो इचारस, हेमा कव्हय ई."

७

पावसाआधी, ज्येष्ठात, पांझरा तापीला मिळते तिथं संगमावर मी दादाचं दहावं केलं. योगेंद्र सोबत आला. त्याचा विश्वास बसला होता असं नाही, पण माझं डोकं कशानं फुटलं होतं ते त्यानं बघितलं होतं. गुरुजींना आम्ही खरं तेवढंच सांगितलं: भाऊ पुरात गेला, क्रिया राहून गेली. बाईनं करायचं म्हणून ते जरा अडले, मग म्हणाले, जवळचं कुणीच नसेल तर चालतं.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

पिंड मांडला. आम्ही मागे सरलो. निंबावर कावळे होते, भरपूर. बाजूला दुसऱ्या एका कुटुंबाचा पिंड होता, त्याला लगेच शिवले. आमच्याकडे एकही फिरकला नाही. ऊन चढलं. भातावर माशा बसायला लागल्या. पाण्यापलीकडे पावशा ओरडत होता.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची," गुरुजी म्हणाले. "शब्द द्या. नाहीतर दर्भाचा कावळा करू."

मी पुढे झाले, हात जोडले. दादा, मी ज्योतीला वाऱ्यावर सोडणार नाही. कावळे बसून होते. आबांचं दुखणं-खुपणं मी बघेन. एकानं पंख साफ केले. मग मनात होतं ते म्हटलं, ज्यासाठी मी खरं तर इथवर आले होते. दादा, तुझ्या जागी जे येऊन बसलंय ते मी घराबाहेर काढीन. माणसं आणीन, पोलीस आणीन, काहीही करीन. तुझं घर तुला परत करीन.

निंबावरचे सगळे कावळे एकदम उडाले आणि नदीपलीकडे गेले. गुरुजी घड्याळ बघायला लागले. योगेंद्र हळूच म्हणाला, "हेमांगी, होऊ दे दर्भाचं."

मी तिथंच उभी राहिले. दोन्ही नद्यांचं पाणी इतकं कमी होतं की संगम कुठला ते सांगता आलं नसतं. मला रडू आलं नाही. रागही नव्हता तेव्हा. फक्त एक विचार आला, आणि तो खोटा ठरावा म्हणूनच मी तो तोंडानं बोलले.

"दादा, त्याला राहू दे त्या घरात. मी परत येणार नाही."

पलीकडच्या काठावरून एक कावळा निघाला. इकडे-तिकडे न बघता, पाण्यावरून सरळ. पिंडाशी उतरला, भात चोचीत घेतला, आणि आमच्यासमोरच खाऊ लागला.

"झालं," गुरुजी म्हणाले. "मोकळे झाले बिचारे. करा नमस्कार."

योगेंद्रनं हात जोडले. मी नाही जोडले.